बारा पूर्ण

गेल्या वर्षी ऑगस्टात आम्ही वाळपईला गेलो आणि कोरडे परत आलो. गोव्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत वाळपईचं नाव नेहमी असतं, त्यामुळे तिथून भर श्रावणात न भिजता येणं हे खरं तर नशीब. पण मुलाला ते नशीब पटलं नाही. म्हादई नदीवरच्या राफ्टिंगचं बुकिंग ज्या एजंटाने करून दिलं होतं तो फोनवर "मुलं चालतात, बिनधास्त या" म्हणाला होता. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने आधार कार्ड हातात घेतलं, बोटांच्या पेरांवर हिशेब केला आणि कार्ड परत दिलं. "बारा पूर्ण लागतात." आमचा चिरंजीव अकरा वर्षं एक महिन्याचा. साखळी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. पैसे परत यायला दसरा उजाडला, तो भाग वेगळा.

यंदा जुलैत बारा पूर्ण झाली. केकवरची मेणबत्ती विझल्याचा धूर अजून हवेत होता तेव्हाच त्याने विचारलं, "आता कधी?"

नागपंचमी शुक्रवारी आली. घरची पूजा, दूध-लाह्या, नैवेद्य, जेवण उरकून दुपारी तीनला आम्ही म्हापशाहून निघालो. जुनी वॅगनआर, तीत नवरा, मी, मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर सत्तरी तालुक्यात, उस्त्याच्या बाजूला. त्यांच्या भावाकडे दोन रात्री राहायचं, शनिवारी राफ्टिंग, रविवारी चोर्ला घाट चढून कर्नाटकातल्या कणकुंबीला माउलीचं दर्शन, असा बेत. कणकुंबी ही सासूबाईंची अट होती. "तुम्ही पैसे देऊन पुराच्या पाण्यात उतरणार, मग मला निदान देवीला तरी सांगून येऊ दे."

म्हापसा ते वाळपई चाळीसेक किलोमीटर, पण आमच्या घरात प्रवास किलोमीटरवर मोजत नाहीत, थांब्यांवर मोजतात. डिचोलीला भाजी-पाव झाला. पातळ भाजी, वर मिरचीचं भजं. मुलीला गोड बन हवा होता, तो संपला होता, म्हणून अर्धा तास रुसवा. साखळी सोडली की होंड्याच्या आसपास खाणींच्या मातीचे डोंगर दिसू लागतात. आता त्यांच्यावर गवत आणि झुडपं आलीत, नवख्याला ते खरे डोंगर वाटतील. नवरा दर वेळी इथे त्याच जागी तेच सांगतो: २०१२ ला खाणी बंद पडायच्या आधी या रस्त्यावर ट्रकांची रांग अशी असायची की वाळपईला पोचायला म्हापशातून सकाळी निघावं लागे. मुलं दर वेळी "हो बाबा" म्हणतात.

पुढे एका वळणावर छत्रीखाली एक बाई अळमी घेऊन बसली होती. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी ही रानटी अळंबी श्रावणात काही दिवसच मिळते, पानावर मोजून लावलेली, देठाला अजून लाल माती. भाव ऐकून नवऱ्याने गियर टाकला. सासूबाईंनी दार उघडलं. गाडी चालू, दार उघडं, अशा अवस्थेत व्यवहार झाला आणि दोन पानं माझ्या मांडीवर आली. माझी सलवार पुढचे तीन दिवस त्या मातीने लाल होती.

मामींनी मुलांसाठी पुन्हा पातोळ्या केल्या होत्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबऱ्याचं चून घालून, पान दुमडून उकडलेल्या. स्वयंपाकघरात ओल्या हळदीच्या पानाचा जो वास असतो तो बाहेरच्या पावसाच्या वासात मिसळला की मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून इथे एवढंच. सहा खाल्ल्या.

रात्री कौलांवर पाऊस धरला. धरला म्हणजे थांबलाच नाही. वीज गेली. मामा आणि सासूबाई दोघं पडवीत बसून नदीबद्दल बोलत होते. सासूबाईंच्या तोंडी ती नदी नाहीच, न्हंय. त्यांच्या लहानपणी पलीकडच्या वाड्यांना जायला उन्हाळ्यात साकव असायचा, तो पहिल्या मोठ्या पावसात वाहून जायचा आणि मग गणपतीपर्यंत पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे. म्हणून मे महिन्यातच पुरुमेंत: मीठ, सुकी मासळी, मिरच्या, तांदूळ, सगळं भरून ठेवायचं. पावसात पोरांनी न्हंयेच्या काठावर पाऊल टाकायचं नाही, हा कायदा. सासूबाईंनी तो एकदाच मोडला. दहा वर्षांच्या असतील, भांडी घासायला गेल्या, आणि पितळी कळशी हातातून सुटली. "फिरत फिरत गेली," त्या म्हणाल्या. "बुडाली नाही. सरळ उभी राहून, फिरत फिरत गेली. मी बघतच राहिले."

"मग मार बसला?" मुलाने विचारलं.

"कळशी होती आजीची. म्हणजे माझ्या आजीची. मार बसला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं."

मुलाचा पुढचा प्रश्न व्यवहारी होता. एवढा पाऊस पडला तर उद्या रद्द होईल का? होऊ शकतं, मी म्हटलं. पाणी फार कमी असलं तर तराफा खडकांना घासतो, फार चढलं तर काठावरची झाडं पाण्यात येतात आणि पडलेल्या माणसाला प्रवाह त्या फांद्यांत नेऊन अडकवतो. म्हणून रोज सकाळी पाणी बघून ठरवतात. तो झोपला का नाही मला माहीत नाही. दोनला मी उठले तर पडवीच्या कठड्याशी उभा होता, पाऊस ऐकत.

साडेसातला फोन आला, "पाणी बरोबर आहे, या."

वाळपईला पुन्हा तेच टेबल, पण माणूस दुसरा. फॉर्म दोन पानी. दमा आहे का, हृदयविकार आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, आणि शेवटी सगळी जबाबदारी माझी, सही. मुलाच्या फॉर्मवर पालक म्हणून मी सही केली तेव्हा हात जरा थबकला. मुलाने आधार कार्ड आधीच काढून हातात धरलं होतं, जन्मतारखेवर अंगठा येणार नाही असं. त्या माणसाने बघितलंच नाही. "बारा ना? ठीक आहे." एक वर्ष वाट पाहून मुलाला तो क्षण एवढा स्वस्तात जाणं मंजूर नव्हतं. "बघा तरी," तो म्हणाला. मग त्याने बघितलं.

मामा आमची गाडी घेऊन सासूबाईंना आणि मुलीला सोनाळला नेणार होते, कारण तराफा तिथे बाहेर येतो. उस्ते ते सोनाळ, साधारण दहा किलोमीटर पाण्यातून. मुलगी गाडीत बसताना म्हणाली, "मला चार वर्षं राहिलीत." चार बोटं काचेला टेकवून ती दिसेनाशी झाली.

आम्हाला जीपने उस्त्याला नेलं. जीपमध्ये कोल्हापूरची तीन कॉलेजातली पोरं होती, रात्रभर गाडी चालवून आलेली, आणि तरी सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच. बाहेर म्हादई अभयारण्याचं रान, हिरव्याचे इतके थर की बघून डोळे भरतात. १९९९ साली हे २०८ चौरस किलोमीटर अभयारण्य झालं. वाघ आहेत का, हे पोरांनी जीपवाल्याला विचारलं. आहेत, तो म्हणाला, आणि विषय तिथेच थांबवला. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली, तेव्हापासून इथली माणसं वाघावर पाहुण्यांशी फार बोलत नाहीत. आणि ते बरोबरच आहे. ज्याच्या गुरांवर वाघ येतो त्याने आणि शनिवार-रविवारी येणाऱ्याने एकाच आवाजात बोलू नये.

काठावर लाइफ जॅकेटांचा ढीग होता. पावसाळ्यात दप्तर न वाळवता बंद ठेवलं की जो वास येतो तो त्या ढिगाला. गाईड नेपाळचा, पंचविशीतला, गोव्यात पावसाळा आणि बाकीचे महिने ऋषिकेश, असं त्याचं वर्ष. त्याने मुलाला जॅकेट घातलं, चारही बकलं लावली, पट्टे ओढले. मला वाटलं झालं. मग त्याने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून पोराला सरळ वर उचललं. जॅकेट वर गेलं, मुलगा खालीच राहिला. कान जॅकेटात आणि हेल्मेट नाकावर. "देखा?" तो मला म्हणाला. मुलाला नव्हे, मला. पट्टे अजून दोन-दोन बोटं आवळले, पुन्हा उचललं, आता मुलगाही बरोबर वर आला. पाण्यात पडलेल्याला याच पट्ट्यांना धरून ओढतात. जॅकेट सैल असेल तर हातात नुसतं जॅकेट येतं. एवढं त्याने सांगितलं आणि नवऱ्याकडे वळला. नवऱ्याने "मला येतं घालता" म्हणून स्वतःच घातलं. माझ्या चष्म्याला त्याने मागून नाडी बांधली.

सूचना पंधरा मिनिटं चालल्या. पॅडलच्या वरच्या टोकाची आडवी मूठ कधीही सोडायची नाही, कारण तराफा उसळला की ती मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पायाचा पंजा समोरच्या हवा भरलेल्या आडव्या नळीखाली खुपसून ठेवायचा, तोच तुम्हाला आत धरतो. फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप, आणि गेट डाऊन म्हटलं की तळात बसायचं. पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. आणि उभं राहायचं नाही. पाणी कमरेएवढं असलं तरी नाही. तळाच्या दोन दगडांत पाय अडकला तर मागून येणारं पाणी माणसाला पुढे पालथं पाडतं आणि पाय तिथेच राहतो. हे ऐकताना मी मुलाकडे बघत होते आणि मुलगा ओठ हलवत सगळं पाठ करत होता. नवरा धनेश बघत होता. खरंच एक धनेश नदी ओलांडत होता, त्याच्या पंखांचा आवाज पाण्याच्या आवाजातूनही येत होता, पण तरी.

नवरा आणि एक कोल्हापूरकर पुढे, मधे मुलगा आणि दुसरा, मागे मी आणि तिसरा, शेवटी गाईड. सोबत एक जण कयाकमध्ये, पुढे जाऊन थांबणारा.

पाणी चहाच्या रंगाचं, दूध कमी पडलेल्या. वरून बघताना नदी भरलेली दिसते, आत बसलं की ती उतरती दिसते. पहिला रॅपिड येतो तो आधी ऐकू येतो. मग समोर पाण्याची एक रेघ दिसते आणि रेघेपलीकडे काहीच दिसत नाही. त्या रेघेपाशी गाईडने मुलाला दाखवलं: काळं गुळगुळीत पाणी, इंग्रजी व्ही सारखं, टोक आपल्यापासून लांब, ती वाट. उलटा व्ही, टोक आपल्याकडे, म्हणजे खाली दगड. "व्ही में जाना, उलटा व्ही में नहीं." एवढंच व्याकरण. दोन-तीन दर्जाचे रॅपिड आहेत हे, सहापैकी; जाणकार याला सोपं म्हणतील. पहिल्या लाटेने माझ्या तोंडात अर्धा तांब्या नदी घातली तेव्हा मला दर्जा आठवला नाही.

मला आठवलं ते मूल. मी ओरडत होते. "घट्ट धर! खाली वाक! पाय! पाय कुठाय?" तो पॅडल सोडून मागे माझ्याकडे बघायचा, आणि नेमकं तेव्हाच तराफा उसळायचा. दुसऱ्या रॅपिडनंतर गाईडने तराफा काठच्या संथ पाण्यात वळवला. तिथे पाणी उलटं, वरच्या दिशेने हळूहळू फिरत असतं, तराफा आपोआप थांबतो. "मॅडम," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "उसको आप मत बोलो. उसको मैं बोलेगा. दो लोग बोलेगा तो वो किसका सुनेगा?" कोल्हापूरकर तिघंही पलीकडच्या बांबूंकडे बघू लागले. मुलाने वळून बघितलं नाही, पण त्याच्या मानेवरून मला कळलं की तो हसतोय.

नंतर मी गप्प राहिले. गप्प राहून वल्हवणं हे मला त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम वाटलं. दात इतके आवळले होते की संध्याकाळी जबडा दुखत होता. समोर पोराची पाठ, भिजून काळी झालेली, "फॉरवर्ड" म्हटलं की वाकायची, "स्टॉप" म्हटलं की थांबायची. घरी त्याच पाठीला मी तीन वेळा आंघोळीला जा म्हणते.

नवरा पडला तो रॅपिडमध्ये नव्हे. रॅपिड संपला होता, पोरांनी पॅडलं वर करून एकमेकांवर आपटली, "नाद खुळा!" झालं. नवऱ्याच्या उजव्या सँडलचा पट्टा सुटला होता. तो लावायला त्याने नळीखालचा पाय काढला. त्याच वेळी तराफ्याची कड पाण्याखालच्या एका दगडाला टेकली, नुसती टेकली, आणि हा माणूस पाट उलटल्यासारखा मागच्या मागे गेला. काही आवाज नाही. होता, आणि नाही.

दहा हातांवर डोकं वर आलं. लहानपणापासून समुद्रात पोहलेला माणूस; समुद्रात पडल्यावर पाय तळ शोधतात, तसे त्याचे शोधू लागले. तो उभा राहायला बघत होता. माझ्या घशातून आवाज निघाला नाही. मुलाचा निघाला.

"बाबा, पाय वर! पाय वर! बोटं दिसली पाहिजेत!"

नवरा पाठीवर झाला. पाण्यावर एक सँडल आणि पाच उघडी बोटं दिसली. कयाकवाला बाजूला आलाच होता, गाईडने दोन फटक्यांत तराफा जवळ घेतला, पुढच्या कोल्हापूरकराने खांद्याचे पट्टे धरले, गुडघे कडेला टेकवले आणि स्वतः मागे पडला, त्यासरशी नवरा मासा होडीत पडावा तसा त्याच्या अंगावर. नडगी खरचटली होती. सगळं मिळून अर्धा मिनिट झालं नसेल.

"काय काका," खाली दबलेला पोरगा म्हणाला, "झाली का आंघोळ?"

गाईडने नवऱ्याचं जॅकेट न विचारता दोन बोटं आवळलं.

पुढे एक लांब संथ पट्टा होता, तिथे उतरून तरंगायची परवानगी मिळाली. मुलगा उतरला. मीही उतरले, तराफ्याची दोरी न सोडता. कान पाण्यात गेले की आवाज बदलतो. तळाचे गोटे एकमेकांवर घासतात तो आवाज ऐकू येतो, कोणीतरी लांब कुठे तांदूळ पाखडत असल्यासारखा. वर पाऊस सुरू झाला होता. थेंब तोंडावर पडत होते आणि दोन्ही काठांच्या जांभळी इतक्या वाकलेल्या की आकाशाची एक पट्टीच उरली होती. अर्धवट धुक्यात मुलाने विचारलं, "हीच ना आपली मांडवी? कसिनोवाली?" हीच, मी म्हटलं. त्याला ते खरं वाटलं नाही.

सोनाळला तराफा सगळ्यांनी मिळून उचलून वर आणायचा असतो, आणि तो हलका नसतो. वर सासूबाई छत्री घेऊन उभ्या, हातात थर्मास. मुलगी धावत आली, सगळ्यांना एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "बाबांचं एक सँडल कुठाय?"

न सांगण्याचं आम्ही तराफ्यातच ठरवलं होतं. सासूबाईंनी मुलाच्या पायाकडे बघितलं, लेकाच्या पायाकडे बघितलं, नडगीवरच्या रक्ताकडे बघितलं. थर्मासचं झाकण उघडलं.

"डावं की उजवं?"

"उजवं," नवरा म्हणाला.

"फिरत फिरत गेलं?"

"मला दिसलं नाही आई."

त्यांनी चहा ओतला. पहिला कप गाईडला दिला.

रविवारी चोर्ला घाट धुक्यात होता, चढताना धबधबे नुसते ऐकू येत होते. नवरा मामांच्या चपला घालून गाडी चालवत होता. कणकुंबीला देवळापाशी पाऊस थोडा उघडला. या एका गावातून मलप्रभा निघते, ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. आणि इथूनच कळसा निघतो, तो पश्चिमेला उतरून म्हादईत येतो. कळसा म्हटलं की गोव्यात सगळ्यांचे कान टवकारतात. २०१८ मध्ये लवादाने म्हादईतलं १३.४२ टीएमसी पाणी कर्नाटकाला दिलं, आणि त्यातलं जे वळवायचं आहे त्यातलं काही इथूनच, मलप्रभेत. नवऱ्याने मुलाला ते हाताच्या दोन पंजांनी समजावलं, हा उतार इकडे, हा तिकडे. मुलाने बराच विचार केला. "म्हणजे सँडल इथे पडलं असतं तर बंगालच्या उपसागरात गेलं असतं?" सासूबाई आत देवीपुढे उभ्या होत्या, डोळे मिटून. बाहेर आल्या तेव्हा काय मागितलं ते कोणी विचारलं नाही.

गुरुवारी, १५ ऑगस्टला, मुलाला घेऊन मी बसने पणजीला निघाले. मांडवीच्या पुलावर बस अडकली, तो खिडकीला नाक लावून उभा राहिला. खाली पाणी लाल, रुंद, जवळजवळ न हलणारं. सोनाळपासून इथवर सँडल पाच दिवसांत येईल का, त्याने विचारलं. येईलही, मी म्हटलं, पण इथे भरती असते, भरतीला पाणी पार गांजे गावापर्यंत मागे जातं. म्हणजे ते येणार, परत वर जाणार, परत येणार? तसंच काहीसं. त्याने घड्याळ बघितलं.

"आत्ता भरती आहे की ओहोटी?"

मला ठाऊक नव्हतं. त्याने शेजारच्या आजोबांना विचारलं. त्यांनी वाकून पुलाच्या खांबावरची ओली रेघ बघितली आणि म्हणाले, "ओहोटी लागलीय." मग तो बसची दुसरी बाजू, समुद्राकडची, बघायला गर्दीतून पलीकडे सरकला.